रमाबाईंनी परदेशातून काय आणलं?

मागच्या महिन्यात आमच्या गटात दुसऱ्या जिल्ह्यातलं काम बघायला जायचं ठरत होतं. एक ताई म्हणाल्या, "एवढ्या लांब जाऊन काय मिळणार? घरची कामं खोळंबतील." तेव्हा मला पंडिता रमाबाई आठवल्या. आज त्यांच्याच प्रवासाबद्दल बोलू.

रमाबाईंना चालायची सवय लहानपणापासूनची. आईवडिलांबरोबर तीर्थयात्रा करत त्या देशभर पायी फिरल्या. दुष्काळात आईवडील गेले. पुढे लग्न झालं, पण 1882 मध्ये नवराही गेला. पदरात लहानगी मनोरमा. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज काढला आणि 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक छापलं. त्या पुस्तकाच्या विक्रीतून बोटीच्या तिकिटाचे पैसे उभे केले आणि 1883 मध्ये लेकीला घेऊन त्या इंग्लंडला निघाल्या. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असं लोक मानायचे तो काळ!

जायचं होतं डॉक्टरकी शिकायला. पण कमी ऐकू येत असल्यामुळे ते जमलं नाही. त्या खचल्या नाहीत. शिकत राहिल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या. तिथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

1886 मध्ये त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या. निमित्त होतं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचं. 11 मार्चला आनंदीबाई डॉक्टर झाल्या, तेव्हा रमाबाई तिथे हजर होत्या. थोडे दिवस राहायला म्हणून गेलेल्या रमाबाई जवळजवळ तीन वर्षं तो देश फिरल्या. शाळा पाहिल्या, बालवाडीचं शिक्षण घेतलं, गावोगावी भाषणं दिली.

त्यांना सगळ्यात जास्त काय भावलं असेल? बायकांच्या संघटना. दारूबंदीसाठी हजारो बायका एकत्र येत होत्या, सभा चालवत होत्या, स्वतःचा हिशेब स्वतः ठेवत होत्या. मात्र रमाबाई भारावून डोळे मिटून बसल्या नाहीत. तिथल्या मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय, काळ्या लोकांशी होणारा भेदभाव, बायकांना पुरुषांपेक्षा मिळणारी कमी मजुरी, हे सगळं त्यांनी 1889 च्या आपल्या मराठी प्रवासवृत्तात लिहून ठेवलं. त्या काळी तिथल्या बहुतेक बायकांना मतदानाचा हक्कही नव्हता. तो देशभर मिळायला 1920 साल उजाडलं.

आणि पैसा? विधवांसाठी शाळा काढायची म्हणून 1887 मध्ये बोस्टनला 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झालं. गावोगावी मंडळं निघाली. सभासदाने दर वर्षी एक डॉलर द्यायचा, असं दहा वर्षं. थोडी थोडी वर्गणी, पण नेमाने. मैत्रिणींनो, आपल्या बचत गटाची रीत याहून वेगळी आहे का?

रमाबाई परत आल्या आणि 11 मार्च 1889 ला मुंबईत 'शारदा सदन' उघडलं. आनंदीबाईंच्या पदवीला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती. आनंदीबाई मात्र ते पाहायला नव्हत्या. 1887 मध्येच त्या गेल्या. सदनाच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. पुढे 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला. त्याच बाया कर्वे.

सगळं सुरळीत झालं असं नाही. सदन पुण्याला आलं, धर्मांतराच्या शंकेवरून मोठा वाद पेटला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी काम सोडलं नाही.

लांब जाऊन काय मिळतं, याचं उत्तर मला इथे सापडतं. आपल्याला जमेल अशी एखादी रीत मिळते. दुसऱ्यांचं कुठे चुकतं हेही कळतं. आणि ते घेऊन घरी परत यायचं असतं.

आमची ती ताई आता यायला तयार झाली आहे. तुमच्या गटातून कोण निघतंय?