वू-टँग: ‘ट’ चुकला का?

स्टेटन आयलंडच्या रॅपरांनी ‘वू-टँग क्लॅन’ हे नाव घेतलं हाँगकाँगच्या ‘शाओलिन अँड वू टँग’ या कुंगफूपटावरून. यातलं ‘वू टँग’ हे मुळात चीनच्या हूबेई प्रांतातल्या एका डोंगराचं नाव; ते आज रोमनमध्ये ‘डी’ वापरून लिहितात. म्हणून ‘टँग’ हा अमेरिकी अपभ्रंश, असा आक्षेप निघतो. तो टिकत नाही. जुन्या वेड-जाइल्स पद्धतीत तिथे ‘टी’च होता, आणि चिनी उच्चार अघोष, अल्पप्राण, म्हणजे आपल्या ‘द’पेक्षा ‘त’च्या जवळचा. (देवनागरीला हा भेद फुकटात मिळालाय!) रॅपरांना ध्वनिशास्त्राशी काय देणंघेणं, असं कुणी म्हणेल. काहीच नाही, त्यांना हवा होता त्या चित्रपटातला तलवारबाजांचा पंथ. 1992मध्ये त्यांनी स्वतःच काढलेल्या आणि त्यांना नाव मिळवून देणाऱ्या ‘प्रोटेक्ट या नेक’ या गाण्यात आठ जण पाळीपाळीने जिभेचा पट्टा फिरवतात. शीर्षकाचा अर्थच मुळी ‘मान सांभाळ’.