आणलेले पाणी, सोडलेले पाणी

एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत अवघ्या अडीच फूट रुंदीच्या रुळांवर जी रेल्वे सुरू केली, ती १९०६ मध्ये पंढरपुरास, १९११ मध्ये निजामाच्या मुलखात शिरून लातुरास आणि १९२७ मध्ये मिरजेस जाऊन भिडली. आणि धान्याची, कडधान्याची व गुळाची लातूरची पेठ जी पुढे नावारूपास आली, तिच्या उत्कर्षात या चिमुकल्या आगगाडीचा वाटा फार मोठा आहे. एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, हा काल्थ्रॉपचा दंडक होता आणि सारे डबे व सारी इंजिने त्याच हिशेबाने घडविलेली होती. ज्या मार्गाने लातूरचा माल बाहेर गेला, त्याच मार्गाने एक दिवस लातुरास पिण्याचे पाणी आणावे लागेल, हे त्या काळी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

तो दिवस २०१६ च्या एप्रिलात उजाडला. मांजरा नदीवरील धनेगावचे धरण कोरडे पडलेले, नळाला महिना महिना पाणी नाही आणि पाण्याच्या ठिकाणी दंगा होऊ नये म्हणून मार्चपासून जमावबंदीचा हुकूम जारी, अशा स्थितीत दहा वाघिणींची पहिली गाडी मिरजेहून निघून १२ एप्रिलच्या पहाटे लातुरास पोहोचली. एकेका वाघिणीत सुमारे पन्नास हजार लिटर, म्हणजे केवळ पाण्याचेच वजन पन्नास टन. जुन्या अरुंद रुळांवर हा भार चाललाच नसता, आणि या मार्गाचे रुंदीकरण चालू शतकाच्या आरंभीच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने उरकले नसते, तर जलदूत या नावाने ओळखली गेलेली ती गाडी निघूच शकली नसती. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली आणि एका खेपेस पंचवीस लाख लिटर पाणी मिळू लागले. २०११ च्या जनगणनेत नोंदलेल्या पावणेचार लाखांहून अधिक नगरवासीयांत ते सारखे वाटले, तर माणशी साडेसहा लिटर पडते. पिण्याची व रांधण्याची गरज त्यात कशीबशी भागते. स्नान, धुणी आणि संडास यांसाठी काही उरत नाही.

चाकांवरून पाणी नेणे हे वरकरणी सोपे भासणारे काम किती सावधपणाचे आहे, हे त्या खेपांच्या तयारीवरून ध्यानात येते. वाघिणी होत्या तेलवाहतुकीच्या. म्हणून राजस्थानातील कोटा येथील रेल्वेच्या कारखान्यात त्या आतून वाफेने स्वच्छ करून मगच मिरजेकडे पाठविण्यात आल्या. टाकीत पूर्वी काय होते हे विचारल्यावाचून तीत पाणी भरणे ही नवख्याची पहिली चूक होय आणि गावोगावी ती आजही घडते: रसायनाच्या कारखान्यातून आलेले निळे पिंप स्वस्तात मिळाले म्हणून घरी आणले जाते, दोनदा खळबळून घेतले जाते आणि त्यातले पाणी मुले पितात. दुसरी चूक आलेले पाणी थेट शुद्ध समजण्याची. लातूर स्थानकात उतरविलेले पाणी आधी जवळच्या विहिरीत सोडण्यात येई आणि तेथून हरंगुळच्या जलशुद्धीकरण केंद्रात गेल्यानंतरच त्याची वाटणी होई, कारण प्रवासात, नळीत आणि विहिरीत त्यात काय मिसळले हे डोळ्यांना दिसत नाही. तिसरी चूक टँकरचालकांना चांगली ठाऊक असते: अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची. आतले पाणी हिंदकळून वळणावर सारे वजन एका अंगास जाते. यासाठीच चांगल्या टँकरच्या पोटात पत्र्यांचे पडदे घातलेले असतात.

टंचाईतल्या घराची टाकी हा तर स्वतंत्रच विषय आहे. पाणी पुन्हा केव्हा येईल याचा भरवसा नसला, की माणूस पिंपावर पिंपे भरून ठेवतो आणि जुने पाणी ओतून टाकायला त्याचा हात धजत नाही. डेंगीचा डास मात्र नेमक्या अशाच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून भांडी घासून वाळवा, असे आरोग्य खाते सांगत आले आहे. हा उपदेश रास्त आहे. परंतु ज्या गृहिणीने मध्यरात्री उठून तासाभराच्या रांगेनंतर ते पाणी मिळविले, तिने ते ओतून टाकावे अशी अपेक्षा करण्यापूर्वी तिला घट्ट झाकणाचे, तळाशी तोटी असलेले भांडे मिळवून देणे हे उपदेश करणाऱ्यांचे कर्तव्य आहे, असे मला मनापासून वाटते.

पाणी आणण्याच्या कलेचा इतिहास मराठवाड्यात पुरातन व गौरवशाली आहे. कंधारचा राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग सागर, गावोगावच्या बारवा, वाड्यांतील आड आणि हौद, खांद्यावर मशक घेणारे भिस्ती, जनावराच्या पाठीवरील पखाली, यांचे स्मरण आपण अभिमानाने करतो. वापरलेले पाणी आणि मैला यांचे काय होई, हे मात्र कोणी अभिमानाने सांगत नाही. निजामी अमलात शहराच्या सफाईचा कारभार बलदियाकडे, म्हणजे नगरपालिकेकडे, असे. दफ्तरात त्याचा एक खर्चाचा रकाना असे, आणि प्रत्यक्षात तो भार जातीने त्या कामास जखडलेल्या स्त्रीपुरुषांच्या डोक्यावरच्या टोपलीत असे. भिस्त्यास लोक दुवा देत, मेहतराची सावली टाळीत. हे काम माणसाकडून करवून घेण्यास कायद्याने मनाई १९९३ मध्ये झाली आणि २०१३ मध्ये अधिक कडक कायदा करावा लागला, एवढे सांगितले की आपल्या समाजाने या बाजूकडे किती उशिरा पाहिले ते कळते.

हीच एकांगी दृष्टी रेल्वेच्या डब्यातही प्रवास करीत होती. १९०९ साली ओखिलचंद्र सेन या बंगाली प्रवाशाने अहमदपूर स्थानकावर (हे बंगालमधले अहमदपूर, आपल्या लातूर जिल्ह्यातले नव्हे) शौचास गेले असता गाडी सुटून झालेल्या फजितीची तक्रार साहिबगंजच्या कचेरीस लिहिली, आणि त्यानंतर खालच्या वर्गाच्या डब्यांतही शौचकूप आले असे मानले जाते. डब्याच्या छपराखाली पाण्याची टाकी बसविली गेली. खाली मात्र केवळ एक भोक राहिले. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबचे दर्शन घेऊन दोन हजार किलोमीटरांहून अधिक दूर अमृतसरकडे परतणाऱ्या यात्रेकरूंच्या गाडीत वाटेत स्थानकांवर पाणी पुन्हा पुन्हा भरले जाई आणि सारा मैला रुळांवर पडे. रुळांच्या जोडणीस त्याने गंज चढे आणि तो साफ करणे पुन्हा माणसाच्याच वाट्यास येई. संरक्षण संशोधन संस्थेने सिद्ध केलेली जैविक शौचकूपे २०११ पासून डब्यांना लागू लागली, तेव्हा शंभर वर्षांनी खालीही एक टाकी आली. तिच्यात हवेवाचून जगणारे जीवाणू मैल्याचे पाणी व वायू यांत रूपांतर करतात. पण त्या टाकीत काय टाकू नये हे प्रवाशांना कोणी शिकविले नाही. बाटल्या, चिंध्या, गुटख्याच्या पुड्या आत गेल्या आणि पहिल्या काही वर्षांत तुंबण्याच्या तक्रारींचा ढीग झाला. घरच्या सेप्टिक टाकीत फिनेल व आम्ल मुबलक ओतून आतले जीवाणू मारणारा गृहस्थ हीच चूक करीत असतो.

आनंदाची गोष्ट ही, की सोडलेल्या पाण्याच्या शास्त्रात एक मोलाचा धडा नांदेड जिल्ह्यानेच घालून दिला. हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघरी शोषखड्डे खोदून उघडी गटारे बंद केली, डास जवळजवळ नाहीसे केले आणि पुढे जिल्हा परिषदेने ती रीत इतर गावांत नेली. रीत साधी आहे. सुमारे चार फूट लांब, रुंद व खोल खड्डा; मध्यभागी वरच्या अंगास भोके पाडलेले सिमेंटचे भांडे; भोवती दगडगोटे; आणि न्हाणीचे व मोरीचे पाणी नळीने त्या भांड्यात. गाळ भांड्यात बसतो, निवळलेले पाणी भोकांतून बाहेर पडून जमिनीत मुरते. येथेही नवखे चुकतात. गोट्यांऐवजी माती भरली तर फटी बुजतात. काळ्या चिकण रानात मुरुमापर्यंत खोदले नाही तर पाणी मुरतच नाही. संडासाचे पाणी यात सोडले तर शेजारची विहीर नासते. सर्वांत सामान्य चूक म्हणजे खड्डा एकदा बुजवला की त्याला विसरून जाणे. भांड्यातला गाळ ठराविक काळाने काढावा लागतो, आणि ज्या घरी हे काम कोणाच्या तरी नावे नेमून दिलेले असते, त्याच घरचा खड्डा पुढल्या पावसाळ्यातही पाणी पितो.