लाल दिसली म्हणून गावरान?

आपल्या भंडाऱ्याकडे गिऱ्हाईक कोंबडीचा रंग आधी पाहतं, वजन नंतर. लाल-काळी, चितकबरी दिसली की गावरान! एकेकाळी हे बरोबर होतं. पांढरी म्हणजे लेगहॉर्न नाहीतर ब्रॉयलर. ब्रॉयलर पांढरी ठेवली, कारण सोलल्यावर कातडीत राहिलेले पिसांचे खुंट दिसत नाहीत. तिची जलद वाढ मात्र रंगामुळे नाही, पिढ्यान् पिढ्या वजन पाहून केलेल्या निवडीमुळे.

पण पांढरी कोंबडी परसात घारीला लांबून दिसते, अन् गावात तिला गावरानीचा भाव नाही. म्हणून बेंगळुरूला गिरिराज अन् हैदराबादला वनराजा तयार केली. पिसं रंगीत, वाढ गावरानीपेक्षा जलद. तेव्हापासून रंगावरून जात ओळखणं संपलं.

मग पिल्लं घेताना काय पाहायचं? जात कोणती, हॅचरी कोणती, आठ आठवड्यांत वजन किती, हे विचारा. वनराजा संकर आहे. तिच्या घरच्या अंड्यांतून पुढची पिढी तशीच निघत नाही. गावरान कोंबडी खुडूक बसते, स्वतः पिल्लं काढते, सांभाळते. अशा दोन-चार कोंबड्या वेगळ्या राखा. एकदा सरमिसळ झाली, की ते बियाणं परत मिळत नाही.