रंगविभाजन

रंगीत चित्र छापण्याआधी एकेका शाईचा थर सुटा करण्याची क्रिया. पडद्यावरचे चित्र लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाचे असते. छपाईसाठी त्याचे सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा असे चार थर करतात. सुटा थर मात्र करडाच दिसतो. जिथे गडद, तिथे शाई जास्त.

प्रत्येक थर बारीक ठिपक्यांनी छापतात. या ठिपक्यांच्या जाळ्या वेगवेगळ्या कोनांत ठेवतात, काळ्याची बहुधा ४५ अंशांत. नाहीतर चित्रावर नको ती नक्षी उमटते.

१८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या, पुढे मळवलीला हललेल्या रविवर्मा छापखान्यात हे विभाजन नजरेनेच होई. कारागीर प्रत्येक रंगासाठी वेगळ्या दगडावर चित्र उतरवत. एक ठसा केसभर सरकला, की लक्ष्मीच्या ओठांची लाली थेट हनुवटीवर!