प्रमाणपत्राची पायरी आणि पगाराची पायरी



अलीकडे शिक्षणाच्या व्यवहारात 'श्रेयांक' हा शब्द रूढ होऊ लागला आहे. तीन-सहा महिन्यांचा एखादा अभ्यासक्रम करावा, त्याचे श्रेयांक आपल्या नावावर जमा करावेत, पुढे सवड मिळेल तेव्हा दुसरा अभ्यासक्रम करावा, आणि अशा रीतीने प्रमाणपत्रावर प्रमाणपत्र रचीत पदविकेपर्यंत, पदवीपर्यंत जावे, अशी ही कल्पना. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ती उचलून धरली, २०२१ मध्ये श्रेयांकांची पेढी निघाली आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला. हे सारे अगदी नवे आहे असा पुष्कळांचा समज आहे. पण आपल्या धाराशिव जिल्ह्याने या कल्पनेची जुनी रूपे पाहिलेली आहेत, आणि त्यांपासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. मी कामगार चळवळीतला मनुष्य. कॉलेजची पायरी मी चढलेलो नाही. तेव्हा या इतिहासाकडे मी मजुरीच्या बाजूने पाहणार आहे.

प्रमाणपत्र नव्हते तेव्हा काय होते, ते आधी पाहू. सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ मध्ये निघाली. गिरणीतले काम कोणी वर्गात बसून शिकत नसे. जॉबरच्या हाताखाली उभे राहायचे, पाहून पाहून शिकायचे आणि बदली म्हणून वाट पाहायची. अशा रीतीने तयार झालेला साचेवाला हाताने पक्का असे. परंतु त्याची विद्या त्या गिरणीच्या हजेरीपटापुरतीच खरी. गिरणी बंद पडली की वीस वर्षांची कारागिरी फाटकाच्या आत राही आणि मनुष्य बाहेर पडे तो पुन्हा नवखा म्हणून. हाती कसब आहे पण कागद नाही, अशी ही दशा होती.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. घरात मराठी, परंतु सरकारी कचेरीत उर्दू, असा प्रकार होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, आणि १९६४ च्या राजभाषा कायद्याने राज्यकारभाराच्या मराठीला कायद्याचे बळ मिळाले. कचेऱ्यांना मराठी टंकलेखक हवे झाले. इकडे १९५५ मध्ये गोदरेज कंपनीने देशी टंकयंत्र बाजारात आणले होते. पुढे तालुक्याच्या पेठांतून, एखाद्या दुकानाच्या माडीवर, टायपिंगचे वर्ग निघाले. सकाळी एक तास किंवा काम सुटल्यावर एक तास, एवढीच शाळा.

या वर्गांच्या मागे जी सरकारी वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षा होती, तिची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. टंकलेखनात मिनिटाला ३० शब्द ही एक पायरी, ४० शब्द ही दुसरी. लघुलेखनात ६०, ८०, १०० आणि १२० शब्द अशा पायऱ्या. प्रत्येक पायरीचे प्रमाणपत्र स्वतंत्र. तेथेच थांबला तरी घेतलेले श्रम फुकट जात नसत. पुढे चढावेसे वाटले तर मागचे पुन्हा करावे लागत नसे. आज ज्याला श्रेयांकांची रचना म्हणतात, तिचे मर्म याहून निराळे काय आहे?

पण या परीक्षेचे खरे बळ निराळ्याच ठिकाणी होते. लिपिक-टंकलेखकाच्या जागेला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० ही अट सरकारी नियमांतच लिहिलेली असे. लघुटंकलेखकाला ८०, निम्नश्रेणी लघुलेखकाला १०० आणि उच्चश्रेणी लघुलेखकाला १२० शब्दांची गती लागे, आणि या प्रत्येक पदाची वेतनश्रेणी वेगळी होती. म्हणजे प्रमाणपत्राच्या जिन्याला लागूनच पगाराचा जिना उभा होता. शिकवणारा एक आणि परीक्षा घेणारा दुसरा, हाही मोठा गुण. घड्याळापुढे गावाची, जातीची, ओळखीची मातब्बरी बरीच कमी होते. २०१० नंतरच्या दशकात टंकयंत्रे मोडीत निघाली, संगणक आला. पण ३० आणि ४० हे आकडे टिकले. यंत्र गेले, पायरी राहिली. कारण ती पायरी नोकरीच्या नियमात रोवलेली होती.

दुसरे उदाहरण साखर कारखान्याचे. कारखान्याचा जीव बॉयलरमध्ये. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा भीषण स्फोट होऊन माणसे दगावली. तेव्हापासून या देशात बॉयलरचे कायदे होऊ लागले आणि १९२३ मध्ये सबंध देशासाठी कायदा आला. नियमांप्रमाणे बॉयलर लायक प्रमाणपत्रधारकाच्या ताब्यात असावा लागतो. आधी दुसऱ्या वर्गाचा बॉयलर अटेंडंट, मग प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि पुन्हा परीक्षा देऊन पहिल्या वर्गाचा, असा हा क्रम आहे. येथे आणखी एक गोष्ट दिसते. दोन पायऱ्यांच्या मध्ये भट्टीपुढे घालवलेला काळ मोजला जातो. तीन महिन्यांत कोणी कारागीर होत नाही, हा मालकांचा आक्षेप खोटा नाही. त्याला उत्तर बॉयलरच्या या नियमातच आहे: अभ्यास आणि अनुभव दोन्ही मोजा, आणि दोहोंना मिळून पायरी द्या.

याच्या उलट चित्र आपण १९९३ नंतर पाहिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूरबरोबर आपला उमरगा-लोहारा भागही उद्ध्वस्त केला. पुनर्वसनाच्या कामात गवंड्यांना भूकंपाला टिकणाऱ्या बांधकामाचे थोड्या मुदतीचे शिक्षण देण्यात आले. ते शिक्षण उपयोगी होते, त्यावर माणसांचे जीव अवलंबून होते. पण त्या काळी तयार झालेले जे गवंडी पुढे मला भेटले, त्यांच्या रोजात त्या शिक्षणाने चार आण्यांचाही फरक पडलेला नव्हता. नाक्यावर उभा असलेला गवंडी हा नुसता गवंडीच राहिला. पुढची पायरी नाही, आणि आहे त्या पायरीला दर नाही.

योजनांना तोटा राहिला नाही. १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले आणि प्रमाणपत्रापासून पदवीपर्यंतचा रस्ता कामकरी माणसाला मोकळा झाला, हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. २००७ मध्ये केंद्राच्या श्रम मंत्रालयाने छोट्या छोट्या रोजगारक्षम कौशल्यांची योजना काढली. २०१३ मध्ये कौशल्यांच्या पातळ्या ठरवणारा राष्ट्रीय आराखडा आला. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने व्यवसाय शिक्षणाची अशी पदवी काढली की एका वर्षाने थांबला तर पदविका, दोन वर्षांनी प्रगत पदविका आणि तीन वर्षांनी पदवी. २०१५ पासून अनुभवाने मिळवलेले कसब तपासून त्यालाही प्रमाणपत्र देण्याची सोय झाली. कागदावर जिना उत्तम बांधला गेला आहे.

मग अडले कोठे? १९४८ च्या किमान वेतन कायद्याखाली वर्षानुवर्षे ज्या अधिसूचना निघाल्या, त्यांनी कामगारांचे कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे वर्ग केले. तो वर्ग कामाच्या नावावरून ठरत आला. प्रमाणपत्राच्या पातळीवरून नव्हे. कळंब-भूमचा मुलगा वेल्डिंगचे प्रमाणपत्र घेऊन पुण्याकडे जातो. कंत्राटदार त्याच्या हाती वेल्डिंगची कांडी देतो आणि हजेरीबुकात मात्र 'मदतनीस' असे लिहितो. काम कुशलाचे, मजुरी अकुशलाची. पोरगा दुसरे प्रमाणपत्र घेतो, तिसरे घेतो. कागदांची चळत वाढते, पाकीट तेवढेच राहते. सोलापूरच्या साचेवाल्याजवळ कसब होते, कागद नव्हता. याच्याजवळ दोन्ही आहेत, पण दर नाही.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. छोट्या प्रमाणपत्रांना विरोध करण्याचे कामगाराला कारण नाही. ज्याला सलग तीन वर्षे घरी बसून शिकणे परवडत नाही, त्याला शिकण्याची दुसरी वाट नाही. परंतु प्रत्येक पातळीसमोर मजुरीचा वर्ग लिहिला गेला पाहिजे. हजेरीबुकात कामगाराच्या नावापुढे त्याच्या प्रमाणपत्राची नोंद झाली पाहिजे. आणि यंत्रावर घालवलेली वर्षे पुढच्या पायरीसाठी मोजली गेली पाहिजेत. या मागण्या कामगार संघटनांनी करार करताना मांडाव्यात, आणि कॉलेजांनीही नवा अभ्यासक्रम काढण्यापूर्वी मालकाला विचारावे की हे प्रमाणपत्र आणणाऱ्याला तुम्ही किती रुपये जास्त देणार. उत्तर आले नाही, तर तो अभ्यासक्रम कोणासाठी काढला जात आहे याचा विचार तेथेच करावा. पेठेतल्या माडीवर ३० चे ४० शब्द करताना आपल्या मुलांना त्या दहा शब्दांची किंमत ठाऊक होती. आजच्या मुलालाही ती आधी कळली पाहिजे.