गाडी का वाजते? इशाऱ्यांच्या इतिहासातून शिकलेला एक धडा

गेल्या पावसाळ्यात जवळजवळ महिनाभर माझ्या गाडीने मला छळले. गाडी जेमतेम दोन वर्षांची. चालवताना मध्येच ‘टिंग’ असा आवाज येई. कधी एकदाच, कधी ओळीने अनेकदा, तर कधी वीस-वीस मिनिटे काहीच नाही. डॅशबोर्डकडे नजर टाकावी तोवर तेथे उमटलेले चिन्ह नाहीसे झालेले असे. आई म्हणाली, “अरे, मागचं दार नीट लागलं नसेल.” शेजाऱ्यांच्या मते चाकात हवा कमी होती. मेकॅनिकने स्टिअरिंगखालच्या जोडणीत आपले यंत्र लावले, पडद्यावर पाहिले आणि “काहीच दोष नाही, साहेब” असे म्हणून गाडी परत दिली. घरी येताना ती पुन्हा वाजली.

भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या माणसाला आपल्याच गाडीतील एका आवाजाचे कारण सापडू नये, याची मला मनापासून लाज वाटली. कारण अखेर सापडले, परंतु त्याआधी माझ्या हातून एक चूक घडली. ती सांगण्यापूर्वी या आवाजाचा इतिहास पाहू. तो वाचला नसता, तर ती चूक किती जुनी आहे हे मला कळले नसते.

प्रारंभ करावा लागतो १८८० पासून. त्या वर्षी झाक आणि पिएर क्यूरी या बंधूंनी दाखवून दिले की, क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतप्रभार निर्माण होतो. अशा स्फटिकाला विद्युतदाब दिला की तो किंचित आकुंचन वा प्रसरण पावतो, हेही त्यांनी पुढल्याच वर्षी प्रयोगाने सिद्ध केले. विसाव्या शतकाच्या मध्यावर हा गुणधर्म असलेली सिरॅमिक द्रव्ये तयार होऊ लागली. पितळेच्या पातळ चकतीवर अशा सिरॅमिकचा थर चिकटवला आणि त्याला वेगाने बदलणारा विद्युतदाब दिला की चकती थरथरते व वाजते. हाच तो बझर. घड्याळापासून मायक्रोवेव्हपर्यंत आणि रुग्णालयातील यंत्रांपासून मोटारीपर्यंत तो सर्वत्र पोहोचला, कारण तो स्वस्त आहे, त्याला वीज नगण्य लागते आणि तो सहसा बिघडत नाही.

असे बझर बहुधा २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात वाजवले जातात. आपली कर्णनलिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांब आणि एका टोकाला पडद्याने बंद आहे. अशा नळीचे अनुनादी कंपन कोणते, हे अकरावी-बारावीचा विद्यार्थीही काढू शकेल: ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर, भागिले नळीच्या लांबीची चौपट. उत्तर येते सुमारे ३,४०० हर्ट्झ. म्हणजे ज्या पट्ट्यात कान सर्वाधिक संवेदनशील आहे, नेमका तेथेच बझर बोलतो. थोड्या ऊर्जेत लक्ष वेधून घेण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

मात्र या सोयीची किंमत मोजावी लागते. आवाज कोणत्या दिशेने आला हे आपल्याला कसे कळते, याचा उलगडा लॉर्ड रॅली यांनी १९०७ साली केला. कमी कंपनसंख्येचा आवाज दोन कानांना किंचित वेगळ्या क्षणी पोहोचतो आणि मेंदू तो फरक ओळखतो. जास्त कंपनसंख्येच्या आवाजात डोक्याची सावली पडते, त्यामुळे पलीकडच्या कानाला तो क्षीण ऐकू येतो. परंतु ३,००० हर्ट्झच्या आसपास दोन्ही खुणा दगा देतात. दोन कानांतील वेळेचा फरक जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंद, तर या आवाजाचे एक आवर्तन ०.३३ मिलिसेकंदाचे. एवढ्यात एकाहून अधिक आवर्तने उलटून गेलेली असल्याने कोणती लाट आधीची हे मेंदूला ठरवता येत नाही, आणि डोक्याची सावलीही अजून पुरेशी गडद झालेली नसते. १९३६ साली हार्वर्डमध्ये स्टीव्हन्स आणि न्यूमन यांनी हे मोजून पाहिले. भिंतींवरून परतणारे ध्वनी टाळण्यासाठी त्यांनी माणसाला इमारतीच्या गच्चीवर उंच खुर्चीत बसवले आणि निरनिराळ्या दिशांनी शुद्ध स्वर ऐकवले. सर्वाधिक चुका झाल्या त्या ३,००० हर्ट्झच्या आसपास. मोटारीत तर चोहोबाजूंनी काचा. प्रतिध्वनी त्यात आणखी गोंधळ घालतात.

थोडक्यात, जो आवाज हमखास ऐकू येतो, त्याचीच जागा आपल्याला सर्वांत कमी कळते. शिवाय जागा कळूनही आजच्या गाडीत फारसा उपयोग नसतो. पूर्वी प्रत्येक दिव्याला, प्रत्येक भोंग्याला स्वतंत्र तार असे. १९८६ साली जर्मनीच्या बॉश कंपनीने ‘कॅन’ ही व्यवस्था जाहीर केली. तीत गाडीतले अनेक छोटे संगणक तारांच्या एकाच जोडीवरून परस्परांशी बोलतात. दार, पट्टा, वेग, इंधन या साऱ्यांचे निरोप त्या जोडीवरून येतात आणि आवाज मात्र बहुधा डॅशबोर्डमागच्या एकाच ठिकाणाहून निघतो. मी महिनाभर कान टवकारून ज्याचा उगम शोधत होतो, तो सदैव माझ्या समोरच होता. कारण मात्र दुसरीकडेच दडलेले होते.

आता या आवाजाचा सामाजिक इतिहास. १९५९ साली स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतील अभियंते निल्स बोलिन यांनी तयार केलेला तीन बिंदूंचा सीटबेल्ट गाड्यांत आला. पट्टा आला, पण लोक तो लावीनात. तेव्हा अमेरिकेत सत्तरच्या दशकाच्या आरंभी पट्टा न लावल्यास वाजणारा बझर सक्तीचा झाला. लोकांनी पट्टा आसनामागून घेऊन कायमचा अडकवून ठेवला, बझर गप्प. मग १९७४ च्या मॉडेलपासून पुढचे पाऊल टाकण्यात आले. पुढच्या आसनांवर बसलेल्यांनी पट्टा लावल्याखेरीज इंजिन सुरूच होणार नाही. आधी बसणे, मग पट्टा, हा क्रमही यंत्रणा तपासू लागली, जेणेकरून आधीच अडकवलेल्या पट्ट्याने तिला फसवता येऊ नये. पण किराण्याची पिशवी किंवा कुत्रा शेजारच्या आसनावर असला तरी तिला तो माणूसच वाटे आणि गाडी जागची हलत नसे. संताप इतका उसळला की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून अशी सक्ती करण्यास मनाई केली. एवढ्यावर न थांबता, सक्तीचा बझर आठ सेकंदांहून अधिक वाजता कामा नये, असेही त्या कायद्याने ठरवले. ही मर्यादा उठायला २०१२ साल उजाडले.

भारतात हा अध्याय बराच उशिरा सुरू झाला. १ जुलै २०१९ पासून ‘एआयएस-१४५’ या मानकानुसार प्रवासी मोटारींमध्ये चालक व त्याच्या शेजारच्या प्रवाशासाठी सीटबेल्टचा इशारा, वेगाचा इशारा आणि गाडी मागे घेताना अडथळा सांगणारी यंत्रणा बंधनकारक झाली. वेगाने ताशी ८० किलोमीटरची मर्यादा ओलांडली की अधूनमधून आणि १२० च्या पुढे सतत आवाज, असे त्याचे रूप. सर्वसामान्य भारतीयाच्या नव्या गाडीला खऱ्या अर्थाने वाचा फुटली ती तेव्हा.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघातात टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. मागील आसनावरील दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात सांगण्यात आले. त्याच महिन्यात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मागील आसनांसाठीही इशाऱ्याचा आवाज असावा, असा मसुदा काढला. त्या एका वर्षात सीटबेल्ट न लावलेल्या १६,७१५ व्यक्ती देशातील रस्त्यांवर मरण पावल्या, असे याच मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्यांतील जवळजवळ निम्मे प्रवासी होते.

आणि याच काळात बाजारात एक वस्तू जोरात खपत होती. सीटबेल्टच्या बक्कलमध्ये खोचायची धातूची क्लिप. पट्टा लावलेला नसतानाही गाडीला वाटते की तो लावला आहे. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांविरुद्ध आदेश दिले. अशा क्लिपच्या १३,११८ जाहिराती काढून टाकण्यात आल्या. अमेरिकेत पन्नास वर्षांपूर्वी आसनामागून अडकवलेला पट्टा आणि आपल्याकडची ही क्लिप, दोन्ही एकाच मनोवृत्तीची अपत्ये आहेत. आवाजाचा अर्थ पटला नाही किंवा कळला नाही, की माणूस आवाजच बंद करतो.

अर्थ न कळण्याचे परिणाम किती भीषण असू शकतात, हे विमानवाहतुकीने दाखवले आहे. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसमधील लार्नाकाहून निघालेल्या हेलिओस कंपनीच्या बोइंग ७३७ विमानात चढतानाच भोंगा वाजू लागला. त्या विमानात एकाच आवाजाचे दोन अर्थ होते: जमिनीवर असताना ‘उड्डाणाची मांडणी चुकली आहे’ आणि हवेत असताना ‘केबिनमधील हवेचा दाब घटतो आहे’. दाब नियंत्रणाची कळ हस्तचालित स्थितीत राहून गेली होती. वैमानिकांनी भोंग्याचा पहिला अर्थ घेतला. प्राणवायूअभावी ते बेशुद्ध झाले आणि इंधन संपेपर्यंत उडत राहिलेले विमान ग्रीसमध्ये कोसळले. १२१ जण गेले. भोंगा बिघडलेला नव्हता. त्याने आपले काम केले होते. विमानांतील इशारे थोडेच असावेत आणि प्रत्येकाची लय स्पष्टपणे वेगळी असावी, असे संशोधक रॉय पॅटरसन यांनी १९८२ सालीच लिहून ठेवले होते.

आता माझी चूक. वैतागाच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुकानदाराने मला तीच क्लिप दाखवली. “सगळे हेच लावतात,” तो म्हणाला. मी ती शेजारच्या आसनाच्या बक्कलमध्ये खोचली. ओळीने येणारे आवाज थांबले, एकटा ‘टिंग’ तेवढा अधूनमधून उरला. अर्धे यश मिळाल्याच्या समाधानात मी गाडी चालवत राहिलो. चार दिवसांनी आईला घेऊन साताऱ्याला निघालो. ती पुढे बसली. गाडी वाजली की पट्टा लावायचा, ही तिची सवय. त्या दिवशी गाडी वाजलीच नाही. टोलनाक्यावर थांबलो तेव्हा माझे लक्ष गेले: सुमारे चाळीस किलोमीटर, पावसात, महामार्गावर, माझी आई पट्ट्याविना माझ्या शेजारी बसली होती. तिला गप्पांच्या ओघात काहीच जाणवले नव्हते. मी क्लिप उपसून काढली. हात थरथरत होते, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी मी ते केले, जे प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी केले असते. वही घेतली, आणि दररोज घरी पोहोचल्यावर लिहू लागलो: आवाज कोणत्या रस्त्यावर आला, एकटा की ओळीने, गाडीत कोण होते, कोणत्या आसनावर काय ठेवले होते. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. लॅपटॉप, डबा आणि पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली जड बॅग शेजारच्या आसनावरून उचलून मागे जमिनीवर ठेवली. ओळीने येणारे आवाज बंद. आसनाखालच्या संवेदकाला ती बॅग माणूस वाटत होती, अगदी १९७४ च्या किराण्याच्या पिशवीसारखी. उरलेला एकटा ‘टिंग’ फक्त महामार्गावर येई. एक दिवस वेग कटाक्षाने पंचाहत्तरवर ठेवला. तो आलाच नाही. ती ताशी ८० किलोमीटरची सूचना होती.

कारणे दोन होती, आणि मी एक धरून चाललो होतो. कामाचे ठिकाण बदलल्यामुळे महामार्गाचा प्रवास आणि पुढच्या आसनावरची बॅग या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात सुरू झाल्या, म्हणून दोन्ही आवाज एकाच दुखण्याचे वाटले. मेकॅनिकच्या यंत्राला काही सापडले नाही, तेही बरोबरच होते. ते यंत्र बिघाडांच्या नोंदी वाचते, आणि वेग किंवा न लावलेला पट्टा हा गाडीचा बिघाड नव्हे. क्लिप लावताच अर्धे आवाज थांबले, हा खरे तर पुरावा होता. कारण आसनापाशी आहे, हे तो ओरडून सांगत होता. मी त्याला उपाय समजलो.

मार्च २०२५ मध्ये मंत्रालयाने मोठ्या प्रवासी आणि मालवाहू वाहनांसाठी चालकाला डुलकी लागल्याचा आणि वाहन मार्गिकेबाहेर जात असल्याचा इशारा देणाऱ्या यंत्रणांचा मसुदा काढला. म्हणजे येत्या काळात आपल्या रस्त्यांवरील वाहने आणखी बोलणार आहेत. रात्रभर ट्रक चालवणाऱ्या माणसाला पाच निरनिराळ्या गोष्टी एकाच ‘टिंग’मध्ये सांगितल्या, तर तो काय करील, हे इतिहासाने दोनदा दाखवले आहे. त्याला प्रत्येक आवाजाचा अर्थ ऐकताक्षणी कळावा, ही जबाबदारी यंत्र घडवणाऱ्यांची. आपली जबाबदारी एवढीच, की आवाज बंद करण्याआधी तो कशाचा आहे हे शोधावे.

आपल्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत इशाऱ्यांचे एक प्रकरण असते. आज रात्री ते वाचून काढा. आणि आपल्या किंवा घरच्यांच्या गाडीत ती क्लिप खोचलेली असेल, तर हा मजकूर वाचून झाल्यावर खाली जाऊन ती काढून टाका.