दिवेलागणीनंतरचे अंगण

दिवाळीची सुट्टी लागली की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या बागायती पट्ट्यात घरांच्या वेळा बदलतात. दिवस आखूड होतो, ऊसतोड सुरू होते आणि मुलांना दिवेलागणीच्या आत घरात घ्यावे लागते. शेळ्या लवकर कोंडल्या जातात, परसाकडे जायलाही सोबत लागते. याचे खापर बिबट्यावर फुटते. पण या तालुक्यांचा इतिहास पाहिला, तर घरांची ही घडी पाणी, पीक आणि वीज यांच्या मांडणीने विस्कटली आहे, असे दिसते.

वाघाची धास्ती इथे जुनीच. पश्चिमेच्या डोंगरांत महादेव कोळी समाज आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस पाळतो आणि वाघोबाला नैवेद्य दाखवून गुरांची राखण मागतो. त्या प्रथेला जंगल आणि शिवार यांच्यातली शीव ठाऊक होती. पूर्वेकडे बाजरी-मटकीची उघडी जिरायत होती. तिथे जनावराला लपायला आडोसा नव्हता. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी ते शिवार हिरवे केले. पाटाच्या पाण्यावर ऊस वाढला, विघ्नहर आणि भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. वर्ष-दीड वर्ष उभ्या राहणाऱ्या उसात मादीला पिले घालायला आडोसा मिळाला, वस्तीवर कुत्री-शेळ्यांचे भक्ष्य मिळाले. हिवाळ्यात कोयता लागतो आणि तो आडोसा हटतो. नेमक्या त्याच दिवसांत गहू-कांद्याला पाणी हवे असते. शेतीपंपाची वीज रात्रपाळीला आली की कर्ता माणूस बॅटरी घेऊन दारे धरायला जातो आणि तो परतेपर्यंत घर जागे राहते.

यावर म्हटले जाते की, बिबटे पकडून लांब सोडावेत. तो उपाय इथेच करून झाला आहे. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, जुन्नर परिसरात 1993 ते 2001 या काळात माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. बिबटे हलवण्याची मोहीम सुरू झाल्यावर 2001 ते 2003 मध्ये ती सरासरी 17 वर गेली. दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: घरातले मूल गेलेल्या आईला सहजीवन शिकवण्याचा अधिकार कोणाला? कोणालाच नाही. माणसावर चालून येणारे जनावर पकडलेच पाहिजे. पण एक पिंजऱ्यात गेला तरी ऊस उभाच असतो आणि रिकाम्या जागी दुसरा येतो. म्हणून बंदिस्त गोठा, घरालगत शौचालय, वस्तीच्या वाटेवर दिवा आणि हिवाळ्यात शेतीपंपांना दिवसा वीज हाच खरा बंदोबस्त आहे. उसाची साखर सगळा महाराष्ट्र खातो. तिची राखण एकट्या जुन्नर-आंबेगावच्या घरांनी रात्र जागून करू नये.